संतोलकाच्या जागी पंख

पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी आणि मराठी घरांत सरसकट चिलट म्हणून ओळखली जाणारी फळमाशी जेमतेम तीन मिलिमीटर लांबीची असते. तिच्या शरीराचे डोके, वक्ष आणि उदर असे तीन भाग पडतात आणि ते भागही एकामागोमाग एक मांडलेल्या खंडांचे बनलेले असतात. वक्षाच्या तिन्ही खंडांवर पायांची एकेक जोडी असते. पंखांची जोडी मात्र फक्त मधल्या, म्हणजे दुसऱ्या खंडावर असते. तिसऱ्या खंडावर, जिथे फुलपाखराला किंवा मधमाशीला मागचे पंख असतात, तिथे फळमाशीला मुद्गरासारखे, बारीक देठाचे आणि टोकाला गोळा असलेले दोन इवले अवयव असतात. त्यांना संतोलक म्हणतात. उडताना ते पंखांच्या उलट तालात हलतात, शरीर कोणत्या बाजूला कलते आहे याची जाणीव माशीला करून देतात, आणि ते काढून टाकले तर तिला तोल सावरून उडता येत नाही. दोन्ही खंडांतील पेशींमध्ये जनुके तीच असताना एका खंडावर पंख आणि शेजारच्या खंडावर संतोलक का येतो, या वरवर अगदी किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाचा माग काढण्यात जीवशास्त्रज्ञांच्या तीन पिढ्या खपल्या, आणि त्या शोधातून जे हाती आले ते माशीपुरते राहिले नाही.

या इतिहासाचे पहिले पान इंग्लंडमध्ये लिहिले गेले. केंब्रिजमधील विल्यम बेटसन यांनी १८९४ साली सजीवांतील विचलनांचा एक जाडजूड संग्रह प्रसिद्ध केला, त्यात वस्तुसंग्रहालयांतून, खासगी संग्रहांतून आणि जुन्या नोंदींतून गोळा केलेली शेकडो उदाहरणे होती. नेहमीपेक्षा अधिक बरगड्या असलेली माणसे, ज्यांच्या एका शृंगिकेच्या, म्हणजे डोक्यावरील स्पर्शेंद्रियाच्या, टोकाला पाऊल फुटले आहे असे कीटक, अशा या नोंदी वाचताना बेटसन यांच्या लक्षात आले की विकृतींचा एक प्रकार इतरांहून वेगळा आहे. या प्रकारात अवयव मोडकातोडका किंवा अर्धवट नसतो. तो पूर्ण, रेखीव आणि ओळखता येण्याजोगा असतो, फक्त तो भलत्या जागी असतो. मालिकेतील एका घटकाने दुसऱ्या घटकाचे रूप घेण्याच्या या प्रकाराला त्यांनी, सारखेपणा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, होमिओसिस असे नाव दिले. अशा घडामोडींना जबाबदार असलेली जनुके पुढे होमिओटिक जनुके म्हणून ओळखली जाऊ लागली. बेटसन यांना या उदाहरणांतून उत्क्रांती लहान लहान पावलांनी न होता उड्या मारत होते असे सिद्ध करायचे होते. त्यांचा तो युक्तिवाद टिकला नाही, परंतु निरीक्षण टिकले. मृत नमुन्यांच्या संग्रहातून मात्र याहून पुढे जाणे शक्य नव्हते, कारण टाचणीला टोचलेल्या कीटकाला संतती होत नाही आणि संतती नसेल तर आनुवंशिकतेची परीक्षा करता येत नाही.

ती सोय न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झाली. थॉमस हंट मॉर्गन यांनी तेथे दुधाच्या बाटल्यांत फळमाश्या पाळून आनुवंशिकतेचा अभ्यास मांडला होता, आणि १९१० साली सापडलेल्या पांढऱ्या डोळ्यांच्या नरामुळे जनुके गुणसूत्रांवर असतात या मताला भक्कम आधार मिळाला होता. उबदार खोलीत दहा-बारा दिवसांत नवी पिढी, एका मादीची शेकडो अंडी आणि गुणसूत्रांच्या अवघ्या चार जोड्या, या गुणांमुळे हा कीटक प्रयोगशाळेला फार सोयीचा ठरला. मॉर्गन यांचे सहकारी कॅल्व्हिन ब्रिजेस यांची नजर या माश्यांतील बारीकसारीक फरक टिपण्यात विलक्षण तयार झालेली होती. १९१५ साली त्यांना एक अशी माशी आढळली की जिचे संतोलक काहीसे फुगून पंखासारखे दिसत होते, जणू वक्षाच्या मधल्या खंडाचा काही भाग मागे पुन्हा उमटला होता. दोन वक्षे या अर्थाने त्यांनी या उत्परिवर्तनाला, म्हणजे जनुकात अचानक घडलेल्या बदलाला, बायथोरॅक्स असे नाव दिले आणि त्याची जागा तिसऱ्या गुणसूत्रावर निश्चित केली. त्या काळात अशा माशीचा उपयोग मुख्यतः गुणसूत्रांचा नकाशा रेखाटण्यासाठी होत असे. तिच्या शरीरात नेमके काय घडले हा प्रश्न विचारायला लागणारी साधने कोणाकडेच नव्हती. तरीही तो वाण टाकून न देता बाटलीमागून बाटली बदलत जिवंत ठेवला गेला. पुढचा सगळा इतिहास या नेमाने केलेल्या, कोणत्याही शोधनिबंधात न दिसणाऱ्या जोपासनेवर उभा आहे, हे विसरून चालणार नाही.

बायथोरॅक्सला त्याचा खरा अभ्यासक तीस वर्षांनंतर मिळाला. एडवर्ड लुईस यांचा जन्म १९१८ साली पेनसिल्व्हेनियातील विल्क्स-बारी या गावी झाला. शाळेत असताना एका विज्ञानविषयक नियतकालिकातील जाहिरात पाहून त्यांनी आणि त्यांचे मित्र एडवर्ड नोवित्स्की यांनी फळमाश्या मागवल्या होत्या, आणि तेव्हापासून माश्यांची संगत त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. १९४२ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या पॅसाडेना येथील संस्थेतून, मॉर्गन यांचेच शिष्य आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली, युद्धकाळात हवाई दलात हवामानतज्ज्ञ म्हणून काम केले आणि १९४६ साली ते त्याच संस्थेत परतले. आरंभी त्यांना शरीराच्या घडणीपेक्षा जनुकांच्या उत्पत्तीत रस होता. एखाद्या जनुकाची शेजारीच दुसरी प्रत तयार होते, मग त्या प्रतीत हळूहळू बदल होऊन तिला नवे काम मिळते, आणि अशा रीतीने नवी जनुके जन्माला येतात, असा विचार त्या काळी मांडला जात होता. तो पडताळून पाहण्यासाठी गुणसूत्रावर अगदी चिकटून असलेली आणि एकसारख्या परिणामांची उत्परिवर्तने हवी होती. बायथोरॅक्सच्या परिसरात ती भरपूर होती.

या कामाची पद्धत वर्णनाला साधी आणि करायला अतिशय जिकिरीची होती. माश्यांना ईथरने गुंगी द्यायची, त्या पांढऱ्या पट्टीवर ओतून सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याने एकेक करून उलटसुलट करायच्या, संतोलकाच्या कडेला पंखावरच्यासारखे राठ केस दिसतात का, उदराच्या पहिल्या खंडावर पायाचा अंकुर दिसतो का, हे पाहायचे आणि पाहिजे त्या माश्यांचा पुन्हा संकर करायचा. दोन उत्परिवर्तने जितकी जवळ, तितकी त्यांची फारकत होण्याची शक्यता कमी. त्यामुळे एक उपयोगी माशी सापडण्यासाठी हजारो माश्या नजरेखालून घालाव्या लागत. लुईस हे काम बहुतेक रात्रीच्या शांततेत करत. त्यांच्या पत्नी पामेला याही फळमाश्यांच्या जाणकार होत्या. १९४७ साली त्यांना नराच्या फक्त पुढच्या पायांवर असणारी राठ केसांची फणी मागच्या पायांवरही उगवलेली एक माशी आढळली. पॉलिकोम असे नाव मिळालेले हे उत्परिवर्तन पुढे या कथेत महत्त्वाचे ठरले, कारण ज्या जनुकात तो बदल झाला होता ते होमिओटिक जनुकांना नको त्या खंडांत गप्प बसवण्याचे काम करते असे दिसून आले.

बायथोरॅक्सच्या परिसरातील उत्परिवर्तने वेगवेगळी करता करता लुईस यांना त्यांच्यात एक शिस्त दिसू लागली. बायथोरॅक्समुळे तिसऱ्या खंडाचा फक्त पुढचा अर्धा भाग दुसऱ्या खंडासारखा होत असे, तर पोस्टबायथोरॅक्समुळे फक्त मागचा. ही दोन आणि त्यांच्या जोडीला तिसरे एक अशी उत्परिवर्तने एकाच माशीत आणली, तेव्हा संतोलक पूर्णपणे नाहीसे होऊन त्यांच्या जागी दुसरी, शिरांसह रेखीव अशी पंखांची जोडी आली. चार पंखांची ही माशी जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील सर्वांत प्रसिद्ध चित्रांपैकी एक आहे. तिला उडता येत नाही, पण तिच्या शरीरातून निघणारे अनुमान मात्र दूरवर जाणारे आहे. जनुक बिघडल्यावर अवयव कमी व्हावा अशी सर्वसाधारण अपेक्षा असते, इथे तर बिघाडानंतर एक पूर्ण पंख अधिक मिळाला. याचा अर्थ, पंख घडवण्याची सर्व सामग्री तिसऱ्या खंडातही होती आणि बायथोरॅक्स परिसरातील जनुकाचे काम ती सामग्री तिथे वापरली जाऊ न देण्याचे, त्या खंडाला त्याची वेगळी ओळख देण्याचे होते. अवयव घडवणारी जनुके एक आणि कुठे काय घडावे हे ठरवणारी जनुके दुसरी, हा भेद या माशीने डोळ्यांसमोर आणून ठेवला.

लुईस फार थोडे लिहीत आणि जे लिहीत ते इतके आटोपशीर असे की वाचकाची दमछाक व्हावी. त्यांचा सर्वांत महत्त्वाचा निबंध १९७८ साली नेचर या नियतकालिकात आला, तो अवघ्या सहा पानांचा आणि एकट्याच्या नावावरचा होता. त्या निबंधात त्यांनी संपूर्ण बायथोरॅक्स समूहच, म्हणजे त्या परिसरातील सगळी होमिओटिक जनुके, गमावलेल्या भ्रूणांचे वर्णन केले होते. असे भ्रूण अंड्यातून बाहेर येण्याआधीच मरतात, त्यामुळे त्यांच्यात पंख किंवा संतोलक पाहायला मिळत नाहीत. पाहायला मिळते ती त्यांची पारदर्शक त्वचा आणि तिच्यावरच्या सूक्ष्म काट्यांच्या रांगा. वक्षाच्या खंडांवरच्या रांगा बारीक आणि नाजूक, उदराच्या खंडांवरच्या रुंद आणि ठसठशीत, असा त्यांचा नेहमीचा क्रम असतो. समूह गमावलेल्या भ्रूणात वक्षाच्या तिसऱ्या खंडापासून उदराच्या आठव्या खंडापर्यंतचे सारे खंड वक्षाच्या दुसऱ्या खंडासारखे झालेले होते, जणू एकच शिक्का सबंध शरीरावर उमटत गेला होता. समूहातील एकेक भाग परत दिला की एकेक खंड मागच्या बाजूची ओळख मिळवत असे. यापेक्षाही चकित करणारी गोष्ट अशी की हे भाग गुणसूत्रावर ज्या क्रमाने रांगेत होते, त्याच क्रमाने ते शरीरातील खंडांवर, वक्षाकडून शेपटीकडे, काम करत होते. गुणसूत्रावरच्या आणि शरीरावरच्या या समांतर क्रमाचे कारण आजही पूर्णपणे उलगडलेले नाही.

याच काळात युरोपातही वेगळ्या वाटेने याच प्रश्नाकडे येणारे संशोधक होते. फळमाशीच्या अळीच्या शरीरात पेशींच्या चपट्या चकत्या असतात आणि कोशावस्थेत त्यांच्यापासून पंख, पाय, डोळे असे प्रौढ माशीचे अवयव तयार होतात. झुरिकमध्ये एर्न्स्ट हाडोर्न यांनी या चकत्यांचे तुकडे प्रौढ माश्यांच्या उदरात वाढवून दाखवले होते की त्या क्वचित आपले भवितव्य बदलतात. त्यांचे शिष्य वॉल्टर गेरिंग यांना तिथेच अशी माशी सापडली, जिच्या डोक्यावर शृंगिकांच्या जागी पाय होते. ख्रिस्तियन मॉर्गेनश्टर्न या जर्मन कवीने कल्पिलेल्या, नाकावर चालणाऱ्या प्राण्यावरून त्यांनी तिला नासोबेमिया हे नाव दिले. हे उत्परिवर्तन ज्या जनुकातील आहे ते अँटेनापीडिया म्हणून ओळखले जाते. माद्रिदमध्ये अंतोनियो गार्सिया-बेलिदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली दाखवून दिले की वाढत्या पंखात पेशींचे पुढचा आणि मागचा असे दोन कप्पे असतात आणि एका कप्प्यातील पेशींची संतती सीमा ओलांडून दुसऱ्या कप्प्यात जात नाही. बायथोरॅक्स आणि पोस्टबायथोरॅक्स यांनी खंडाचा अर्धा अर्धा भाग का वाटून घेतला होता याचा खुलासा त्यामुळे झाला. इंडियाना विद्यापीठात थॉमस कॉफमन यांनी १९८० साली दाखवले की डोके आणि वक्षाचा पुढचा भाग यांची ओळख ठरवणारा अँटेनापीडिया समूह बायथोरॅक्सप्रमाणेच तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. त्याच वर्षी हायडेलबर्ग येथे क्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी भ्रूणाचे खंड मुळात पाडणारी जनुके शोधून काढली. खंड पाडणारी जनुके आधी काम करतात आणि पडलेल्या खंडांना ओळख देणारी त्यांच्या मागून, असा क्रम त्यामुळे स्पष्ट झाला.

तोवर जनुक हे संकरांच्या गणितावरून ओळखण्याची वस्तू होती. ते डीएनएच्या तुकड्याच्या रूपात हाती घेण्याचे काम स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड हॉगनेस यांच्या प्रयोगशाळेत, वेल्कम बेंडर आणि पिएर स्पिरेर यांनी केले. गुणसूत्राचे असंख्य तुकडे करायचे, ओळखीच्या एका तुकड्याच्या टोकाशी जुळणारा दुसरा शोधायचा, त्याच्या टोकाशी जुळणारा तिसरा, असे करत करत गुणसूत्रावरून चालत जायचे, ही त्यांची पद्धत होती. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून जे दिसले ते अनपेक्षित होते. लुईस यांनी दशकानुदशके जपलेली अनेक उत्परिवर्तने एखाद्या अक्षराच्या चुकीमुळे घडलेली नव्हती. जागा बदलत फिरणारा डीएनएचा एक लांब तुकडा त्या जागी येऊन घुसल्यामुळे ती घडली होती. शिवाय सुमारे तीन लाख बेस जोड्यांच्या, म्हणजे डीएनएच्या तीन लाख अक्षरांच्या, या परिसरातील फारच थोड्या भागावरून प्रथिने तयार होत होती.

बासेलमध्ये गेरिंग यांच्या आणि इंडियानात कॉफमन यांच्या प्रयोगशाळेत अँटेनापीडियाचा असाच माग काढला जात होता. या जनुकाचा एक छोटासा भाग बायथोरॅक्स समूहातील अल्ट्राबायथोरॅक्स या जनुकाशी आणि फुशी ताराझू या जपानी नावाच्या आणखी एका जनुकाशी जुळतो, असे दोन्ही ठिकाणी दिसून आले. बासेलमध्ये विल्यम मॅकगिनिस, मायकेल लेव्हिन आणि त्यांचे सहकारी, तर इंडियानात मॅथ्यू स्कॉट आणि एमी वाइनर, यांनी १९८४ साली हे शोध प्रसिद्ध केले. १८० बेस जोड्यांच्या या समान पट्ट्याला होमिओबॉक्स हे नाव मिळाले. त्यावरून प्रथिनाचा ६० अमिनो आम्लांचा भाग तयार होतो, जो डीएनएला घट्ट बिलगून इतर जनुकांना चालू किंवा बंद करतो. लुईस यांनी माश्यांच्या अंगावरून जे ताडले होते, की ही जनुके दुसऱ्या जनुकांवर हुकमत गाजवतात, त्याचा रासायनिक पुरावा असा हाती आला. समान पट्टा सापडल्यामुळे, जनुके एकाच पूर्वजाच्या प्रतींतून उपजली हा लुईस यांचा मूळचा विचारही खरा ठरला.

पुढचा प्रश्न साहजिक होता आणि तो विचारायला बासेलमध्ये वेळ लागला नाही. माशीच्या होमिओबॉक्सचा तुकडा आमिषासारखा वापरून मॅकगिनिस यांनी इतर प्राण्यांच्या डीएनएत जुळणारे पट्टे आहेत का ते पाहिले, आणि ते गांडुळात, बेडकात, कोंबडीत, उंदरात आणि माणसातही सापडले. त्याच इमारतीत काम करणाऱ्या एडी डी रॉबर्टिस यांच्या गटाने त्याच वर्षी बेडकातून असे जनुक वेगळे काढले. उंदरात आणि माणसात ही जनुके चार समूहांत विभागलेली आणि एकूण ३९ असल्याचे पुढे निश्चित झाले, आणि त्यांचाही गुणसूत्रावरचा क्रम डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या शरीरातील क्रमाशी जुळतो असे १९८९ साली दिसून आले. माशी आणि उंदीर यांच्या पूर्वजांच्या वाटा पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. इतक्या काळानंतरही १९९० साली उंदराचे एक होमिओटिक जनुक माशीत घालून सर्वत्र चालू केले, तेव्हा माशीच्या डोक्यावर शृंगिकेच्या जागी पाय आला, आणि तो पाय माशीचाच होता, उंदराचा नव्हे. जागेची खूण सांगणारा बदलला तरी त्या खुणेवर अवयव घडवणारी यंत्रणा माशीचीच राहिली होती. २००३ साली उंदरातील अशा जनुकांचा एक गट निकामी केल्यावर कमरेच्या मणक्यांना बरगड्या फुटल्या, तेव्हा बेटसन यांनी नोंदवलेल्या जादा बरगड्यांच्या माणसांकडे एका शतकाहून अधिक काळाने नव्याने पाहणे शक्य झाले.

लुईस यांना १९९५ साली न्युसलाइन-फोलहार्ड आणि विशाउस यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ते ७७ वर्षांचे होते. तोवर त्यांच्या १९७८ च्या मांडणीतील दोन गोष्टी दुरुस्त झाल्या होत्या. त्यांनी बायथोरॅक्स समूहात किमान आठ जनुके मानली होती. १९८५ साली माद्रिदमधील गिनेस मोराता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तीनच असल्याचे दाखवले. लुईस यांना जी वेगवेगळी जनुके वाटली होती त्यांतील बहुतेक त्या तिघांचे नियमन करणारे डीएनएचे पट्टे होते, कोणत्या खंडात जनुक चालू व्हावे हे ठरवणारे. त्यामुळे त्यांचा नकाशा खोटा ठरला नाही, नकाशावरील खुणांचा अर्थ बदलला.

दुसरी दुरुस्ती अधिक खोल आहे. चार पंखांच्या पूर्वजापासून दोन पंखांची माशी उत्क्रांत झाली असल्याने, मागचे पंख दाबण्यासाठी माशीच्या वंशात नवी जनुके निर्माण झाली असावीत, असा लुईस यांचा तर्क होता. परंतु नव्वदच्या दशकात शॉन कॅरल यांच्या गटाने फुलपाखरांचा अभ्यास केला, तेव्हा अल्ट्राबायथोरॅक्सचे प्रथिन त्यांच्या मागच्या पंखांतही भरपूर असल्याचे आढळले, आणि ते पंख तर पूर्ण वाढलेले, रंगीत असतात. म्हणजे जनुक जुनेच आहे. बदलला तो त्याचा हुकूम कोणती जनुके कशी पाळतात हा भाग. तो भाग नेमका कोणता, हा प्रश्न ज्यांनी पुढे लावून धरला त्यांत एल. एस. शशिधर यांचा गट आहे, ज्यांनी आधी हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रात आणि नंतर पुण्याच्या आयसरमध्ये हे काम केले. या गटाने फळमाशी, मधमाशी आणि रेशीमकिडा यांत अल्ट्राबायथोरॅक्सचे प्रथिन गुणसूत्रांवर कुठे कुठे बसते याची तुलना केली. पंख घडवणाऱ्या अनेक जनुकांपाशी ते तिन्ही कीटकांत बसलेले दिसते, मात्र फळमाशीत तिथे बसल्यावर जी जनुके दबतात किंवा बदलतात, त्यांतील काही मधमाशीत जागच्या जागी चालूच राहतात, आणि म्हणून मधमाशीच्या पाठीवर पंखांची दुसरी जोडी असते.